फ्रीजवर ठेवलेला कागद

ताई,

माझी मुलगी पुढच्या महिन्यात अकरा वर्षांची होईल. सोमवारी शाळेतून एक कागद आला. या सत्रात आरोग्यशिक्षणाचे सहा तास होणार आहेत. वयात येताना होणारे बदल, मासिक पाळी, स्वच्छता, सुरक्षित-असुरक्षित स्पर्श, मोबाइल वापरताना घ्यायची काळजी आणि शेवटच्या तासाला ‘बाळ कसं जन्माला येतं’. खाली लिहिलंय की हरकत असेल तर पालकांनी सही करून कागद परत पाठवावा, मुलीला त्या तासांना ग्रंथालयात बसवलं जाईल. कागद परत आला नाही तर संमती आहे असं धरलं जाईल.

तेव्हापासून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता गदारोळ आहे. कुणीतरी कुठल्याशा पुस्तकातली चित्रं टाकली आणि ‘हेच दाखवणार आहेत आपल्या मुलांना’ असं लिहिलं. माझे मिस्टर म्हणतात, सही करून मोकळी हो, हे घरचं काम आहे, शाळेचं नाही. सासूबाई म्हणतात, आम्हाला कुणी शिकवलं होतं? आमचं काही अडलं का? मला दोघांचं पटतंही आणि पटतही नाही. घरचं काम म्हणावं, तर आजवर मी घरात एक अक्षर बोललेली नाही. तोंड उघडलं की घसा कोरडा पडतो. लेकीनं विचारलं, “आई, शाळेनं काय पाठवलंय?” मी “काही नाही” म्हटलं आणि कागद फ्रीजवर ठेवून दिला. शुक्रवारपर्यंत द्यायचाय. सही करू की नको? आणि केली तर मी वाईट आई ठरेन का?

– एक आई

•

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुम्हाला जास्त टोचतोय असं पत्र वाचताना जाणवलं. नाही, सही केली म्हणून तुम्ही वाईट आई ठरणार नाही. आपल्या मुलाला कोणतं शिक्षण मिळावं हे ठरवण्याचा अग्रहक्क आईवडिलांचा आहे, असं १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, सव्विसाव्या कलमात, स्पष्ट लिहिलेलं आहे. तो हक्क वापरणारी बाई मागासलेली आणि न वापरणारी पुढारलेली, असं मी मानत नाही. मी सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हे तासही घेतले. सूट मागणारे जे पालक मला भेटले, त्यातले बहुतेक घाबरलेले होते. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठीच माणूस असं घाबरतं.

आता पहिला प्रश्न. माझं उत्तर आहे, सही करू नका. पहिल्या पाच तासांसाठी तर अजिबात नको. सहाव्या तासाचं काय करायचं ते शाळेत जाऊन, प्रत्यक्ष साहित्य बघून ठरवा. पाच आणि एक असा भेद मी का करते ते सांगते, कारण तुमच्या कागदात सगळं एकाच सहीखाली गुंडाळलेलं आहे आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच झालेली आहे.

हा प्रश्न जगात बऱ्याच ठिकाणी कोर्टापर्यंत जाऊन आलाय. डेन्मार्कमध्ये १९७० च्या कायद्यानं शाळेत लैंगिक शिक्षण सक्तीचं झालं, तेव्हा काही पालक युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेले. १९७६ मध्ये न्यायालयानं सांगितलं की माहिती वस्तुनिष्ठ असेल, मुलांच्या मनावर एखादं मत बिंबवण्यासाठी नसेल, तर शाळेला ती देता येते. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं असा निकाल दिला की शाळेला पालकांची परवानगी लागत नाही, पण काय शिकवणार आणि कसं शिकवणार हे पालकांना आधी कळवलंच पाहिजे. स्वीडनमध्ये तर १९५५ पासून हा विषय सक्तीचा आहे. उलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२५ मध्ये मेरीलँडमधल्या काही पालकांना अंतरिम दिलासा दिला. वर्गातली काही गोष्टींची पुस्तकं त्यांच्या धर्मश्रद्धेला धरून नव्हती, तेव्हा त्यांना आधी कळवावं आणि मुलांना बाहेर ठेवू द्यावं, असं न्यायालयानं म्हटलं. म्हणजे दोन्ही बाजूंना काहीतरी मिळालेलं आहे, आणि तुमची घालमेल एकट्या तुमची नाही.

मला या सगळ्यात इंग्लंडची पद्धत समजायला सर्वांत सोपी वाटते. तिथे २०२० पासून प्राथमिक शाळांमध्ये नातेसंबंधांचं शिक्षण सक्तीचं आहे, आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत आरोग्यशिक्षणही. पालकांना सूट मागता येते ती फक्त लैंगिक शिक्षणापुरती. वयात येणं, पाळी, शरीराची काळजी हे आरोग्यात मोडतं, त्यातून सूट नाही. विज्ञानाच्या अभ्यासक्रमात जे आहे त्यातूनही नाही. मला हा भेद पटतो, आणि कायद्यात आहे म्हणून पटतो असं नाही. मुलीला पाळी येणार आहे, मग तुम्ही सही करा किंवा करू नका. नकोसा स्पर्श करणारा माणूस तिच्या आईनं कुठे सही केलीय हे विचारत नाही. या गोष्टी तिच्या बाबतीत घडणाऱ्या किंवा घडू शकणाऱ्या आहेत. त्यांची माहिती तिच्याच मालकीची आहे, आपण फक्त ती पोचवणारे. बाळ कसं जन्माला येतं, हे कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, यात घरोघरी वेगळं मत असू शकतं. तिथे आईबापाच्या म्हणण्याला वजन आहे.

आता ग्रंथालयाबद्दल सांगते. ती खोली कागदावर फार साधी दिसते.

माझ्या वर्गातली एक मुलगी अशीच तिथे बसायची. सही तिच्या वडिलांनी केली होती. तास संपला की मुली घोळका करून बाहेर पडायच्या, हळू आवाजात बोलत, हसत, आणि ती दाराशी उभी असायची. मधल्या सुट्टीत तिला सगळं कळायचंच, पण मोडतोड होऊन. कुणी तिला सांगितलं की पाळीत पोटातलं सगळं रक्त जातं, कुणी सांगितलं की तेव्हा पळालं तर मूल होत नाही. तिसऱ्या तासानंतर ती जिन्यात माझी वाट बघत थांबली. मला वाटलं, काहीतरी विचारायचं असेल. तिनं दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. म्हणाली, “बाई, मला काही आजार आहे का?” मी चमकले. म्हटलं, असं का वाटलं तुला? तर म्हणाली, “सगळ्यांना शरीराचं शिकवतात आणि मला नाही. मग माझ्या शरीरात काहीतरी वेगळं असेल ना.”

दहा वर्षांची होती. वडिलांनी तिच्या भल्यासाठी सही केली होती, यात मला तेव्हाही शंका नव्हती. पण का केली हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुलाला कारण सांगितलं नाही तर ते स्वतःच एक कारण शोधून काढतं, आणि त्यात बहुधा स्वतःलाच दोषी धरतं. तुम्ही “काही नाही” म्हटलंत, ते वाचताना मला ती जिन्यातली मुलगी आठवली. तुमच्या लेकीला एवढं नक्की कळलंय की ‘काहीतरी’ आहे. शाळेनं पाठवलेला कागद आईनं लपवला, एवढं अकरा वर्षांच्या मुलीच्या नजरेतून सुटत नाही.

“एवढ्या लवकर कशाला?” हा प्रश्न तुमच्या पत्रात नाही, पण ग्रुपवर असणार. मुलींमध्ये वयात येण्याचे बदल आठ ते तेरा या वयात कधीही सुरू होतात, मुलांमध्ये नऊ ते चौदा. आधी छातीत गाठीसारखं, हुळहुळं काहीतरी लागतं, आणि त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे तुमच्या मुलीच्या वर्गात आत्ता काही मुलींना पाळी आलेली असेल, काहींना ती छातीतली गाठ लागली असेल आणि त्यातली एखादी रात्री कुशीवर वळताना ती चाचपून गप्प राहत असेल. हा तास उशिरा झाला तर तो तिच्यासाठी माहितीचा राहत नाही, घडून गेलेल्या गोष्टीचं स्पष्टीकरण होतो. मधल्या काळात ती एकटीच घाबरलेली असते.

दुसरी भीती जरा दबक्या आवाजात बोलली जाते, की हे सांगितलं तर मुलांना नको ते सुचेल. ही भीती खोटी आहे असं म्हणून मी कुणाला गप्प करणार नाही, कारण ती मलाही सुरुवातीला होती. पण याचा अभ्यास झालेला आहे. युनेस्कोनं जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांना बरोबर घेऊन २०१८ मध्ये या विषयाची सुधारित मार्गदर्शिका काढली, त्यासाठी देशोदेशीचे अभ्यास तपासले गेले. अशा शिक्षणानं मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळतात असं त्यात आढळलं नाही. उलट चांगल्या रीतीनं शिकवलं तर ती थांबतात आणि पुढे जास्त काळजीनं वागतात, असंच दिसलं. नको ते सुचवणारा मोबाइल मात्र तास होवो न होवो मुलांच्या हाताशी आहेच.

स्पर्शाच्या तासाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तो चुकवणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात पाचपैकी एक स्त्री लहानपणी लैंगिक अत्याचाराला सामोरी गेल्याचं सांगते. त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचा, कधी घरातलाच असतो. म्हणून ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस’ एवढं शिकवून भागत नाही. २०१५ मध्ये शाळांमधल्या अशा कार्यक्रमांचे २४ अभ्यास एकत्र तपासले गेले, सगळी मिळून ५,८०० च्या आसपास मुलं त्यात होती. शिकलेल्या मुलांना धोका जास्त कळत होता, त्यातून बाजूला कसं व्हायचं हेही जास्त कळत होतं. आणि हे शिकून मुलं घाबरट झाली, असं दिसलं नाही. आपण घरी ज्या भीतीपोटी गप्प बसतो, तीच इथे खरी ठरली नाही.

एक छोटी गोष्ट आहे, शब्दांची. आपण मुलांना शरीराच्या त्या भागांसाठी लाडाचे शब्द शिकवतो. प्रत्येक घरात वेगळा. एका मुलीनं मला एकदा सांगितलं होतं की शेजारचे काका तिच्या ‘चिऊ’ला हात लावतात. मला वाटलं, खेळण्यातली चिमणी असेल. मी “हो का” म्हणून पुढच्या वहीकडे वळले. तिनं वही उचलली नाही, तशीच उभी राहिली, म्हणून मी पुन्हा विचारलं आणि मग मला कळलं. ती उभी राहिली नसती तर? आज इतकी वर्षं झाली, पण ती वहीकडे वळलेली मान मला अजून छळते. तिला ‘योनी’ हा शब्द माहीत असता, तर तिचं म्हणणं मला पहिल्याच वाक्यात कळलं असतं. हात, कान, गुडघा, तसंच योनी, लिंग, वृषण, स्तन. ही नावं आहेत, शिव्या नाहीत.

शाळेनं ‘चांगला-वाईट स्पर्श’ न म्हणता ‘सुरक्षित-असुरक्षित’ म्हटलंय, हे मला आवडलं. इंजेक्शनचा स्पर्श वाईट लागतो पण सुरक्षित असतो. आणि काही असुरक्षित स्पर्श मुलाला सुरुवातीला लाडाचे वाटतात, त्यामुळे मूल गोंधळतं आणि नंतर स्वतःला दोष देतं. शिकवणाऱ्या कुणाला तरी हे माहीत आहे, एवढं त्या एका शब्दावरून कळतं.

पण कळतं असं मी म्हणते म्हणून विश्वास ठेवू नका. उद्याच्या उद्या शाळेत फोन करा आणि साहित्य बघायला वेळ मागा. ग्रुपवरच्या चित्रांवर शब्दही बोलू नका. ती कुठल्या पुस्तकातली, कुठल्या वयासाठीची, हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. शाळेत गेल्यावर पुस्तिका किंवा चित्रफीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघा, सहाव्या तासाची तर नक्कीच. कोण शिकवणार आहे ते विचारा, वर्गशिक्षिका की बाहेरचं कुणी, आणि बाहेरचं असेल तर तेव्हा वर्गात शिक्षिका हजर असेल का. नॅपकिनच्या कंपनीनं येऊन नमुने वाटून जाणं म्हणजे आरोग्यशिक्षण नव्हे, तसं असेल तर तोंडावर सांगा. मुलामुलींना एकत्र बसवणार की वेगळं, हेही विचारा. मला स्वतःला थोडं वेगळं आणि थोडं एकत्र बरं वाटतं, कारण मुलग्यांना पाळी म्हणजे काय हे कळलं की वर्गातली चिडवाचिडवी निम्म्यावर येते. आणि दोन प्रश्न अगदी न विसरता विचारा. एखाद्या मुलानं अभ्यासक्रमाबाहेरचं विचारलं तर शिक्षिका काय करतील? आणि एखाद्या मुलानं आपल्याबरोबर काही वाईट घडल्याचं सांगितलं तर पुढे काय होतं, कुणाला कळवलं जातं? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शाळेकडे नसेल तर शाळेची तयारी झालेली नाही.

मी तास घेताना वर्गात एक पेटी ठेवायची. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. ‘उंची कधी थांबते’, ‘घामाला वास का येतो’, ‘माझा आवाज फाटलाय तो परत नीट होतो का’. एकीवर पेन्सिलनं इतकं पुसट लिहिलं होतं की खिडकीशी नेऊन वाचावं लागलं: ‘आईला पाळीबद्दल कसं सांगायचं?’ मुलांनी काय विचारलं असेल म्हणून आपण रात्र रात्र झोपत नाही, आणि पेटी उघडली तर हे निघतं.

मी स्वतः सही करायला सांगितलंय, असेही प्रसंग आहेत. मुलीबरोबर पूर्वी काही वाईट घडलं असेल आणि वर्गात बसून ते ऐकणं तिला झेपणार नसेल, तर तिला हे समुपदेशकाबरोबर, एकटीला, सावकाश शिकू द्यावं. घरात नुकतंच बाळंतपणात काही दुःख झालं असेल, तर जन्माचा तास तेवढा पुढे ढकलावा. शाळा साहित्य दाखवायलाच तयार नसेल, तर सही करून शाळेला तसं लेखी कळवावं. आणि सहावा तास बघून तुम्हाला मनापासून वाटलं की हे चित्र, ही भाषा माझ्या मुलीला आत्ता नको, तर तेवढ्या एका तासापुरती सूट मागा. कागदावर तशी सोय नसली तरी खाली दोन ओळी लिहून द्या. शाळा सहसा ऐकतात.

तुमचे मिस्टर म्हणतात, हे घरचं काम आहे. अगदी खरं आहे. त्यांना सांगा की मी त्यांच्या बाजूनं आहे, आणि लगेच पुढचं विचारा: मग घरचं काम घरात कधी करायचं? कोण करणार? शाळेच्या वर्गातून काढलं तर ते सहा तास आपण घेतले पाहिजेत. त्यात डोक्याला ताप वाचत नाही, उलट तो आपल्या वाट्याला येतो. आणि सगळं आईवर ढकलू नका. मोबाइलवर अनोळखी माणसानं फोटो मागितला तर काय करायचं, कुणी ‘हे आपलं गुपित’ म्हणालं तर काय करायचं, हे बाबांनी सांगितलं तर मुलीला कळतं की हे बाबांना सांगितलं तर चालतं. ते कळणं, सांगितलेल्या मजकुराइतकंच मोलाचं आहे.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचं वाक्य अनुभवातून आलेलं आहे. दुपारी त्या एकट्या असताना जवळ बसा आणि विचारा, “आई, तुम्हाला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा काय वाटलं होतं?” मी माझ्या आईला हे विचारलं तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती. तिनं मला सांगितलं की ती दोन दिवस कपडे लपवून धूत होती, कारण आपण काहीतरी पाप केलंय असं तिला वाटलं होतं. हे तिनं आयुष्यात कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगताना तिच्या हातातला पदर थरथरत होता. ‘आमचं काही अडलं नाही’ असं तीही म्हणायची. त्या पिढीनं निभावलं, हे खरंच. पण किती एकटीनं निभावलं, ते विचारल्याशिवाय कळत नाही. तुमच्या सासूबाई काय सांगतील मला माहीत नाही, पण ते सांगून झाल्यावर त्या नातीच्या बाजूनं बोलतील, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा कोरडा पडणारा घसा. तो पहिल्या वाक्यापुरताच असतो. समोरासमोर बसून, ‘आज आपल्याला महत्त्वाचं बोलायचंय’ असं म्हणून सुरुवात करू नका, दोघींनाही पळून जावंसं वाटेल. कपड्यांच्या घड्या घालताना, चालताना, दिवा मालवल्यावर अंथरुणात, जिथे नजरेला नजर द्यावी लागत नाही तिथे बोला. आणि घसा कोरडा पडतोय हे तिलाच सांगा. “मला हे बोलायला जरा लाज वाटते, कारण माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. पण तुझ्याशी बोलायचंय.” यापेक्षा चांगली सुरुवात मला ठाऊक नाही.

पाळीबद्दल एवढं पुरे: तुझ्या पोटात, बेंबीच्या खाली, गर्भाशय नावाची एक पिशवी आहे. महिन्यातून एकदा ती आतून मऊ अस्तर तयार करते. बाळ वाढणार नसेल तर ते अस्तर लागत नाही, मग ते रक्तासोबत योनीतून बाहेर येतं. तीन ते सात दिवस. बघायला खूप वाटतं, पण सगळे दिवस मिळून रक्त जातं साधारण ३० ते ४० मिलिलिटर, दोन-तीन मोठे चमचे. पहिली एक-दोन वर्षं तारीख पुढेमागे होते, कधी २१ दिवसांनी, कधी ४५ दिवसांनी, त्यात घाबरायचं नाही. हे चमच्याचं माप जरूर सांगा. मी वर्गात पाणी भरून चमचे दाखवायची, तेव्हा मुलींचे खांदे खाली यायचे ते दिसायचं. आठव्या वर्षाआधीच बदल दिसले, तेरा पूर्ण होऊनही काहीच दिसलं नाही किंवा पंधरापर्यंत पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं, बाकी वाट बघायची.

मग एक छोटी पिशवी भरा. दोन पॅड, एक निकर, एक जुनं वर्तमानपत्र. तिच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात दोघींनी मिळून ठेवा. शाळेत अचानक आली तर कुणाला सांगायचं, ते नाव तिच्याकडूनच वदवून घ्या.

गुपितांचा नियम तर आजच सांगता येईल. वाढदिवसाची भेट लपवतात ती गंमत, ती थोड्या दिवसांनी सगळ्यांना कळते आणि सगळे खूश होतात. जी गोष्ट ‘कधीच कुणाला सांगायची नाही’ म्हणून सांगितली जाते, ती घरी सांगायचीच. सांगायला उशीर झाला तरी आई रागावणार नाही. हे शेवटचं वाक्य दोनदा म्हणा.

आणि तिनं ‘बाळ पोटात जातं कसं?’ विचारलं तर? आधी तिला विचारा, “तुला काय वाटतं?” ती काय ऐकून आलीय ते कळेल. मग तेवढ्यापुरतं, खरं, दोन वाक्यांत सांगा. उत्तर माहीत नसेल तर “मी बघून सांगते” म्हणा, आणि खरोखर बघून सांगा. आपण टाळलं की दुसऱ्यांदा ती आपल्याकडे येत नाही.

पत्रात एका माणसाचं मत कुठेच नाही. तुमचे मिस्टर काय म्हणाले ते आहे, सासूबाईंचं आहे, ग्रुपचं आहे. मुलीला काय वाटतं? संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात म्हटलंय की मुलाशी संबंधित निर्णयात त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे आणि वयानुसार त्याला वजन दिलं पाहिजे. इंग्लंडमध्ये सोळावं पूर्ण व्हायच्या तीन सत्रं आधीपासून, पालकांनी सूट घेतली असली तरी, मूल स्वतः ‘मला तासाला बसायचंय’ म्हणू शकतं. अकराव्या वर्षी निर्णय तुमचाच, पण तिला न विचारता नको. ती म्हणेल ‘मला सगळ्यांबरोबर बसायचंय’, किंवा ‘मला मुलांसमोर लाज वाटते’. दोन्हीत तुम्हाला शाळेत विचारण्याजोगं काहीतरी मिळेल.

हे सगळं करूनही तुम्ही सहाव्या तासापुरती, किंवा अगदी सगळ्याच तासांसाठी सही केलीत, तर फक्त ती जिन्यातली मुलगी लक्षात ठेवा. तिला कारण सांगा, तिच्या शरीरात काही बिघाड नाही हे शब्दांत सांगा, आणि ज्या दिवशी वर्गात तो तास होईल त्याच दिवशी घरी तोच विषय घ्या. मधल्या सुट्टीत तिला जे कळेल, ते संध्याकाळी तुमच्याकडे तपासायला आणता आलं पाहिजे.

शुक्रवारला अजून वेळ आहे. आज रात्री तो कागद फ्रीजवरून खाली काढा. तिला जवळ बोलवा आणि म्हणा, “परवा तू विचारलंस ना शाळेनं काय पाठवलंय, तेव्हा मी काही नाही म्हटलं. ते खरं नव्हतं. हे बघ.” मग पहिली ओळ तुम्ही वाचा, दुसरी तिला वाचू द्या.